सीमाप्रश्न आणि बाबासाहेबांची घटना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. केंद्र व प्रांत यांच्यातील महसुलाच्या वाटणीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. संघराज्याचा हा अभ्यास १९४७ साली मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या कामी आला.

घटनेने केंद्र, राज्य व समवर्ती अशा तीन सूची केल्या. राज्यांना अधिकार घटनेनेच दिले; ते केंद्राच्या मर्जीवर नाहीत. मात्र राज्याला संघातून फुटता येत नाही. राज्यांच्या सीमा कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत घेतले जाते, पण ते बंधनकारक नसते.

१९४८ साली बाबासाहेबांनी भाषावार प्रांत आयोगाला महाराष्ट्राविषयी निवेदन दिले. १९५५ साली एक राज्य, एक भाषा हे तत्त्व पुस्तिकेत मांडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि पाचच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हा त्याचा आशय. राज्याराज्यांतील वाद कलम १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयात जातो. २००४ साली महाराष्ट्राने तोच मार्ग धरला.

म्हणून सीमाबदल मागणे हे घटनाद्रोह नव्हे. निकाल केव्हाही लागो, तोवर गावातील मराठी शाळेचा पट टिकवणे आपल्या हाती आहे.