डिग्रीला नाही म्हणणारा आर्किटेक्ट

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवर हनुवटी हातांवर टेकवून, जीभ बाहेर काढून शहराकडे बघत बसलेला तो शिंगवाला राक्षस आठवतोय? पोस्टरवर, फोटोत, कुठेतरी पाहिलाच असेल. वाटतं, सात-आठशे वर्षांचा असणार. पण त्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत! तो आला युजेन व्हिओले-ल-द्युक या आर्किटेक्टच्या डोक्यातून.

युजेनचा जन्म १८१४ चा, पॅरिसमधलाच. १८३० च्या क्रांतीत हा पोरगा रस्त्यावर अडथळे रचायला मदत करत होता. पुढे पॅरिसच्या नामांकित कला महाविद्यालयात जायला त्याने चक्क नकार दिला. तिथे सगळे एकाच साच्यातले निघतात, असं त्याचं मत. त्याऐवजी तो स्केचबुक घेऊन फ्रान्सभर आणि इटलीत हिंडला. गंमत म्हणजे १८६३ मध्ये त्याच कॉलेजने त्याला प्राध्यापक नेमलं. मुलांनी वर्गात इतकी हुर्यो उडवली, की काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला.

१८४० मध्ये, फक्त २६ व्या वर्षी, वेझ्लेचं ढासळायला आलेलं चर्च त्याच्या हाती आलं. ते त्याने वाचवलं. मग १८४४ मध्ये जाँ-बातिस्त लास्यूसोबत त्याने नोत्र दामचं काम जिंकलं. चर्चची अवस्था वाईट होती. क्रांतीच्या काळात दर्शनी भागावरच्या २८ राजांच्या पुतळ्यांची डोकी उडवली होती, मनोरा काढून टाकला होता. दक्षिणेकडची रंगीत काचांची भलीमोठी गोल खिडकी खचत होती. तिला भक्कम आधार मिळावा म्हणून त्याने ती रचना १५ अंशांनी फिरवून बसवली! राजे नव्याने घडवले. १८५७ मध्ये लास्यू वारला आणि पुढचं सगळं याच्या एकट्यावर आलं.

वाद इथेच आहे. जुनं दुरुस्त करताना हा भाऊ स्वतःचंही घुसवायचा. ते राक्षस त्याचेच. १८५९ चा नवा मनोराही मूळच्यापेक्षा उंच. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनला तर अशी डागडुजी म्हणजे इमारतीचा नाशच वाटायचा. मला रस्किनचं म्हणणं अर्धंच पटतं. हात न लावता ठेवलं असतं, तर वेझ्लेत आज बघायला काय उरलं असतं?

मनोऱ्याच्या पायथ्याशी त्याने तांब्याचे पुतळे बसवले. त्यातले येशूचे शिष्य शहराकडे बघतात, अपवाद एकच. आर्किटेक्ट लोकांचा संत थॉमस वळून मनोऱ्याकडे बघतो, आणि त्याचा चेहरा आहे खुद्द युजेनचा. सेल्फीच म्हणा ना!

१८७९ मध्ये लोझानला तो वारला. तेव्हा स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या आतल्या सांगाड्याचा विचार त्याच्याकडे होता, तो मग आयफेलकडे गेला.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीत मनोरा कोसळला. पुतळे मात्र चारच दिवस आधी दुरुस्तीसाठी खाली उतरवले होते. नवा मनोरा आधुनिक हवा की जुना, यावर फ्रान्समध्ये भरपूर भांडणं झाली. शेवटी युजेनचाच मनोरा, जसाच्या तसा, पुन्हा उभा राहिला.