सब्राचे फळ : मर्हूम सय्यद अब्दुल रहीम



आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे सामने झाले. असा सामना पाहून आलेला मुलगा घरी चेंडू मागतो, शाळेच्या संघात जातो, आणि सहा महिन्यांत त्याने पदक आणावे असे आपल्याला वाटू लागते. पदक आले नाही की शिक्षकांना दोष देऊन आपण मोकळे होतो. अशा वेळी आपण सर्वांनी एका शाळामास्तरांचे चरित्र आठवावे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी शाळेतील खेळांची जबाबदारी घेतली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांची शिकवण्याची रीत पाहा. मुलांसाठी ते आगळ्या स्पर्धा भरवीत. एका स्पर्धेत ज्या पायात जोर कमी, त्याच पायाने चेंडू मारायचा. दुसरीत चेंडू स्वतःजवळ खेळवीत न बसता साथीदाराकडे द्यायचा. अशा सरावाचे फळ एका हंगामात दिसत नाही. परंतु दुबळा पाय बळकट झाला आणि साथीदारावर भरवसा बसला की संघ आपोआप उभा राहतो, हे त्या शिक्षकाने ओळखले होते. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली.

१९५१ साली नवी दिल्लीच्या आशियाई खेळांत रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत.

वाचकहो, एवढ्या मानहानीनंतर एखादा मनुष्य काम सोडून घरी बसला असता. रहीमसाहेब पुन्हा सरावाला लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. आपण ४-१ असे हरलो खरे, परंतु पहिला गोल आपला होता. भारताला चौथे स्थान मिळाले. चार वर्षांच्या सब्राने केवढे अंतर कापले, ते या दोन आकड्यांतच दिसते.

१९६२ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांच्या वेळी रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. तरीही संघ खचला नाही. थायलंड, जपान आणि दक्षिण व्हिएतनामला हरवून भारत अंतिम सामन्यात पोहोचला. जर्नेल सिंग मूळचा बचावपटू. डोक्याला टाके पडलेले असताना रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळविले. ४ सप्टेंबरला पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलांनी त्याच दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव झाला.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर आशियाई खेळांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.

पालकहो, सब्र म्हणजे हातावर हात ठेवून वाट पाहणे नव्हे. फळ दिसत नसतानाही रोजचे काम नेमाने करीत राहणे म्हणजे सब्र. मुलगा मैदानावरून हरून आला तर त्याला आज काय शिकलास, एवढेच विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, खेळ असो वा गणित, तुमचा दुबळा पाय कोणता ते शोधा आणि उद्यापासून त्याच पायाने सराव सुरू करा.