बहिरेवाडीचे जे. पी. नाईक : संशोधकांच्या पाठीशी उभा राहिलेला प्रशासक

गडहिंग्लज - शेतीवर संशोधन म्हटले, की प्रयोगशाळा, बियाण्यांचे वाण आणि माती परीक्षण डोळ्यांसमोर येते. मात्र पाण्याची वाटणी कशी होते, भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या हाती किती मजुरी पडते, सोसायटीचे कर्ज कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे प्रश्नही शेतीचेच आहेत. अशा प्रश्नांवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला देशपातळीवर शिष्यवृत्ती देणारी स्वतंत्र संस्था १९६९ पर्यंत नव्हती. ती उभी राहिली, तेव्हा तिचा कारभार गडहिंग्लजला लागून असलेल्या आजरा तालुक्यातील एका खेड्यातून आलेल्या माणसाच्या हाती होता. त्यांचे नाव जे. पी. नाईक.

उत्तूर परिसरातील बहिरेवाडी येथे ५ सप्टेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात हे नाव मागे पडले आणि जयंत पांडुरंग नाईक हे नाव कायमचे चिकटले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावास घडला. बळ्ळारीच्या तुरुंगातून बाहेर पडल्यावर त्यांनी शहराची वाट न धरता धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावात बस्तान मांडले. गावाची शाळा, आरोग्य, स्वच्छता अशी कामे तेथे त्यांनी केली. पुढे कोल्हापूर संस्थानात विकासकामांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. दिल्लीच्या कचेऱ्यांत बसून धोरणे आखणाऱ्या अनेकांपेक्षा नाईक वेगळे ठरले, त्याचे मूळ या खेड्यातल्या वर्षांत शोधावे लागते.

१९४८ मध्ये त्यांनी मुंबईत ‘भारतीय शिक्षण संस्था’ स्थापन केली. शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर अध्ययन व संशोधन हे तिचे काम. त्याच सुमारास भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे श्री मौनी विद्यापीठाची उभारणी सुरू झाली. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव घेतलेल्या या संस्थेत बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सारे काही एका ग्रामीण आवारात असावे, अशी कल्पना होती. केंद्र सरकारने १९५६ मध्ये ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना हाती घेतली, तेव्हा गारगोटीच्या ग्रामीण संस्थेचा तीत समावेश झाला. खेड्यातील मुलाने पदवीसाठी कोल्हापूर वा पुणे गाठावे आणि परत येऊच नये, या क्रमाला तो पर्याय होता.

याच गारगोटीत गणिताचे प्राध्यापक म्हणून श्री. अ. दाभोलकर काही काळ होते. पुढे त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पदवी किंवा अनुदान यांवर न विसंबता, द्राक्ष बागायतदारांपासून अल्पभूधारकांपर्यंत शेतकऱ्यांनी आपल्याच रानात प्रयोग करावेत आणि निष्कर्ष एकमेकांना कळवावेत, ही त्यांची पद्धत. आज शाश्वत शेतीचा विषय निघाला, की त्यांचे नाव आदराने घेतले जाते. संशोधनासाठी सरकारी निधीची व्यवस्था बसवणारा प्रशासक आणि निधीविना संशोधन करणारा प्राध्यापक, दोघांच्याही आयुष्यात गारगोटी यावी, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

१९५९ नंतरचा नाईक यांचा काळ मुख्यतः दिल्लीत गेला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून ते महिना एक रुपया एवढ्या नाममात्र वेतनावर काम करीत. १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. जून १९६६ मध्ये सादर झालेल्या या अहवालात शेती शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि प्रत्येक राज्यात किमान एक कृषी विद्यापीठ असावे, अशी शिफारस झाली. राहुरीचे कृषी विद्यापीठ त्यानंतर दोनच वर्षांत आकाराला आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही शिफारस मात्र आजही कागदावरच आहे.

शेती विज्ञानातील संशोधनासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषद होती. शेतकरी समाजाच्या अभ्यासासाठी काय? डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीच्या शिफारशीनुसार १९६९ मध्ये भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष आणि नाईक पहिले सदस्य-सचिव. सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणारा अर्थतज्ज्ञ आणि आजऱ्याचा हा शिक्षणतज्ज्ञ, अशा दोन महाराष्ट्रीय व्यक्तींच्या हाती देशातील समाजशास्त्रीय संशोधनाची तिजोरी आली. पैसा सरकारचा असला, तरी कुणाला द्यायचा हे अभ्यासकांनी ठरवावे, असे या व्यवस्थेचे सूत्र होते. प्रकल्पांना अनुदान, पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती, प्रबंधाच्या प्रकाशनाला साहाय्य, संदर्भसाहित्यासाठी दिल्लीत प्रलेखन केंद्र अशी कामे एकामागून एक सुरू झाली. विविध राज्यांतील संशोधन संस्थांनाही परिषदेचे अनुदान मिळू लागले. त्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी दिल्लीच गाठावी लागेनाशी झाली. अर्थशास्त्रातील संशोधनाचा आढावा परिषदेने खंडशः प्रसिद्ध केला, त्यात शेतीला दोन खंड दिले गेले.

१९७४ मध्ये भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचा अहवाल आला. त्यानंतर नाईक यांनी परिषदेत स्त्रीविषयक संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याची धुरा वीणा मजुमदार यांच्याकडे दिली. तोवर गणनेतून निसटणारी शेतमजूर स्त्री अशा अभ्यासांतून विद्यापीठांच्या चर्चेत आली. त्याच वर्षी नाईक यांना पद्मभूषण मिळाले. पण त्यांच्या कामाचे मोल पदकापेक्षा या एका निर्णयात अधिक आहे.

१९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यात आली आणि १९७८ मध्ये परिषदेतून निवृत्त झालेले नाईकही. पत्नी डॉ. चित्रा नाईक यांच्यासह त्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत शाळाबाह्य मुलांच्या शिक्षणाचे काम आरंभिले. सकाळी गुरे राखणारी, रानात राबणारी ही मुले. त्यांच्यासाठी संध्याकाळी वर्ग भरत. ३० ऑगस्ट १९८१ रोजी नाईक यांचे निधन झाले. शिक्षण आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा त्यांनी घेतलेला परखड झाडा पुस्तकरूपाने १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.