कॅप्टन फान झांटेन आणि एक शिट्टी

विमान अपघात म्हटलं की आपल्या डोक्यात आधी इंजिन येतं. इंजिनिअर ना आपण! पण विमान अपघातांच्या इतिहासातला सर्वांत जास्त बळी घेणारा अपघात झाला, तेव्हा दोन्ही विमानांची इंजिनं ठणठणीत होती. आणि त्यातल्या एका विमानाच्या सुकाणूवर बसलेला माणूस हा साधासुधा पायलट नव्हता, पायलट लोकांचा मास्तर होता.

याकोब फेल्डहाउझेन फान झांटेन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९२७ चा, नेदरलँड्समधला. विशीत, म्हणजे आपल्याच वयात, त्यांनी खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळवलं आणि १९५० मध्ये ते केएलएम या डच एअरलाइनमध्ये दाखल झाले. १९७१ मध्ये केएलएमकडे बोइंग ७४७ म्हणजे जम्बो जेट आलं आणि पुढे या जम्बोच्या पायलट ट्रेनिंगचे प्रमुख झाले कॅप्टन फान झांटेन. दिसायलाही रुबाबदार. कंपनीने आपल्या जाहिरातीत चक्क त्यांचाच फोटो छापला होता.

आता यात एक गोम आहे. मास्तर झाल्यापासून त्यांचा बराचसा वेळ सिम्युलेटरमध्ये जायचा. सिम्युलेटरमध्ये खरा कंट्रोल टॉवर नसतो. कंट्रोलरचं कामही इन्स्ट्रक्टरच करतो. म्हणजे टेक-ऑफची परवानगी मागणारा समोर आणि देणारे आपणच! पुढे चौकशीतही हा मुद्दा निघाला. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत हीच जागा सर्वांत भीतीदायक आहे.

२७ मार्च १९७७, रविवार. कॅप्टन फान झांटेन ॲमस्टरडॅमहून २३५ प्रवासी घेऊन स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासला निघाले होते. तिथल्या विमानतळावर बॉम्ब फुटला, विमानतळ बंद झाला आणि सगळी विमानं शेजारच्या तेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवली गेली. एकच रनवे. इतकी विमानं आली की टॅक्सीवेवरच पार्किंग करावं लागलं. त्यात अमेरिकेच्या पॅन ॲमचं एक जम्बोही होतं, नेमकं केएलएमच्या मागे अडकलेलं.

कॅप्टनना घाई होती, आणि ती समजण्यासारखी होती. ड्यूटीच्या तासांचे डच नियम तेव्हा नुकतेच कडक झाले होते. वेळ उलटली तर कारवाई, आणि शेकडो लोकांची रात्रीची सोय कुठे करायची हा प्रश्न वेगळाच. वेळ वाचावा म्हणून त्यांनी तिथेच ५५,५०० लिटर इंधन भरून घेतलं. तेवढ्यात डोंगरावरून ढग उतरले आणि रनवे दिसेनासा झाला. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात, आणि या विमानतळावर जमिनीवरची विमानं दाखवणारा रडार नव्हताच.

टॅक्सीवे अडलेला, त्यामुळे दोन्ही जम्बो रनवेवरूनच एकामागे एक चालत गेले. केएलएम टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. पॅन ॲमला तिसऱ्या फाट्यावर बाहेर पडायला सांगितलं होतं. तो फाटा इतका उलटा वळणारा होता की ते पुढच्या फाट्याकडे निघाले. म्हणजे अजून रनवेवरच.

विमानाला दोन परवानग्या लागतात. एक मार्गाची, म्हणजे उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंची गाठायची ही. दुसरी प्रत्यक्ष टेक-ऑफची. को-पायलट क्लास मेउर्स यांनी आपण टेक-ऑफला तयार असल्याचं आणि क्लिअरन्सची वाट बघत असल्याचं एका दमात सांगितलं. कंट्रोलरने दिली फक्त मार्गाची परवानगी, पण तिच्यात टेक-ऑफनंतर कुठे वळायचं हे होतंच, म्हणजे तो शब्द आलाच. मेउर्स ती परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टननी ब्रेक सोडले. खरं तर त्याच्या जरा आधीही कॅप्टन निघायला लागले होते आणि मेउर्सनी परवानगी नाही म्हणून थांबवलं होतं. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी टोकलं नाही. मेउर्सची जम्बोची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी याच कॅप्टननी घेतली होती. आपल्या व्हायवाच्या एक्सटर्नलला एकदा टोकणं जमेलही, लगेच दुसऱ्यांदा?

मेउर्सनी वाक्याच्या शेवटी आपण आता टेक-ऑफला आहोत अशा अर्थाचं काहीतरी घाईत जोडलं. याचे दोन अर्थ होतात: टेक-ऑफच्या जागी उभे आहोत, किंवा टेक-ऑफ करतोय. एखादं काम चालू आहे हे सांगायला डच भाषेत 'आन हेट' अशी रचना वापरतात, तीच त्यांच्या इंग्लिशमध्ये उतरली असावी असा भाषातज्ज्ञांचा तर्क आहे. आपण तरी काय करतो? गेटवर मित्र ताटकळत असतो, आपण फोनवर निघालो म्हणतो आणि बसलेलो असतो रूमवर चप्पल शोधत!

कंट्रोलर स्पॅनिश. त्याने पहिला अर्थ घेतला, ओके म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग थांबा, मी बोलावतो असं सांगितलं. नेमकं त्याच क्षणी घाबरलेल्या पॅन ॲमने आपण अजून रनवेवर आहोत हे सांगायला बटण दाबलं. विमानाचा रेडिओ एएमवर चालतो, चॅनेल एक, बोलणारे अनेक. दोघं एकदम बोलले की त्यांच्या कॅरिअरच्या फ्रिक्वेन्सीत जो बारीकसा फरक असतो तो शिट्टीसारखा ऐकू येतो. कम्युनिकेशनच्या पेपरात याला बीट नोट म्हणून आपण दोन मार्क मिळवतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ओके स्पष्ट पोचलं, आणि पुढची दोन्ही वाक्यं जवळजवळ चार सेकंद त्या शिट्टीखाली गेली. यातलं एकच वाक्य आलं असतं तरी विमान थांबलं असतं.

अजून एक संधी होती. कंट्रोलरने पॅन ॲमला रनवे मोकळा केल्यावर कळवा असं सांगितलं, त्यांनी कळवतो म्हटलं, आणि हे केएलएममध्ये नीट ऐकू आलं. फ्लाइट इंजिनिअरने (हो, इंजिनिअरनेच) विचारलं की ते अजून बाहेर गेले नाहीत का? कॅप्टननी ठासून गेले म्हणून सांगितलं. विषय संपला.

शेवटच्या क्षणी समोर जम्बो दिसल्यावर कॅप्टननी विमान इतकं उचललं की शेपटी रनवेवर घासली. तरी धडक झालीच. केएलएममधले सगळे २४८ आणि पॅन ॲममधले ३३५, एकूण ५८३ माणसं गेली. पॅन ॲमचे ६१ वाचले. कॅप्टन पन्नास वर्षांचे होते. ॲमस्टरडॅमला बातमी पोचली तेव्हा केएलएमच्या ऑफिसात चौकशीला पाठवण्यासाठी आपला सर्वांत जाणता माणूस म्हणून फान झांटेन यांचीच शोधाशोध सुरू झाली होती.

स्पेनच्या चौकशीने मुख्य दोष कॅप्टनवर ठेवला, डच बाजूने गैरसमज दोन्हीकडून झाला असं मांडलं. नुकसानभरपाई शेवटी केएलएमने दिली. मला डच म्हणणं अर्धंच पटतं, कारण परवानगीशिवाय निघाले हे खरंच आहे. पण सगळं एका माणसावर ढकलून फाइल बंद झाली नाही हे बरं झालं. टेक-ऑफ हा शब्द आता फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतात, एरवी डिपार्चर म्हणतात. नुसतं ओके चालत नाही, सूचना परत म्हणून दाखवावी लागते. नेटवर्किंगवाल्यांना हा हँडशेक ओळखीचा वाटेल. ज्युनिअरने कॅप्टनला टोकायचं कसं आणि कॅप्टनने ऐकायचं कसं याचं ट्रेनिंगही १९८१ पासून एअरलाइन्समध्ये सुरू झालं.

रेडिओ मात्र अजून एएमच आहे. दोघांनी एकदम बटण दाबलं तर शिट्टी वाजते. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्या ई अँड टीसीवाल्यांनी इकडे बघायला हरकत नाही.