जुने रंग, जुनी शिस्त

विमानासारख्या सर्वस्वी आधुनिक वाहनालाही आता गतकाळाची ओढ लागलेली दिसते. जर्मनीच्या लुफ्तान्झा कंपनीने २०१५ मध्ये आपल्या नव्याकोऱ्या बोइंग ७४७-८ विमानाला सत्तरीच्या दशकातील जुना वेश चढविला. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये शताब्दीचे निमित्त साधून एका जंबो विमानावर बीओएसी या आपल्या पूर्वज कंपनीचे रंग उतरविले. आपल्या देशात विस्तारा कंपनीने २०१८ मध्ये एका एअरबस ए-३२० विमानाला टाटा एअर लाइन्सच्या जुन्या डीसी-३ विमानाचे रूप दिले होते; ती कंपनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. हौशी मंडळी तर याहीपुढे जातात. प्रत्यक्षात जे रंगविले गेले नाही, ते ती संगणकाच्या पडद्यावर रंगवून पाहतात. आजच्या ए-३५० किंवा ड्रीमलायनर विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती एअर इंडियाची ती जुनी तांबडी महिरप काढायची आणि डोळे भरून पाहत राहायचे, हा अनेकांचा आवडता छंद झाला आहे.

छंद निरुपद्रवी आहे आणि त्यात सौंदर्यदृष्टीही आहे. परंतु त्यामागील हुरहुर कशाची आहे, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. तांबडा रंग कोणत्याही दुकानात मिळतो आणि महिरप कोणीही चितारू शकतो. त्या महिरपीला जी प्रतिष्ठा लाभली होती, ती तिला कोणी आणि कशी मिळवून दिली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की वाट एका माणसाच्या चरित्राकडे वळते. तो माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे आप्त आणि भागीदार; आई सुझान ही फ्रेंच. बालपणाचा मोठा भाग फ्रान्समध्ये गेला आणि पहिली भाषाही फ्रेंचच झाली. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो येथे या कुटुंबाचे उन्हाळी घर होते आणि १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा लुई ब्लेरिओ हा तेथील त्यांचा शेजारी होता. समुद्राच्या वाळूवर उतरणारी विमाने पाहतच हा मुलगा वाढला. पंधराव्या वर्षी तो प्रथम विमानात बसला आणि पुढील आयुष्याचा ध्यास तेथेच निश्चित झाला. फ्रेंच नागरिक म्हणून एक वर्ष लष्करी सेवा केल्यानंतर ते टाटांच्या कचेरीत आले. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना. त्यावरील क्रमांकही एकच होता.

आगाखान यांनी भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या भारतीयासाठी पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले; अस्पी इंजिनियर हा तरुण उलट दिशेने, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून बसले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पुढे थोडक्या अंतराने शर्यत अस्पीने जिंकली. हाच अस्पी इंजिनियर कालांतराने भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. हरणे पत्करावे, पण समोरचे विमान यंत्राच्या उणिवेने जमिनीवर पडून राहू देऊ नये, ही वृत्ती पुढे त्यांच्या कंपनीच्या अंगी भिनली.

नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश वैमानिकाने टाटांपुढे हवाई टपालाची योजना मांडली. सर दोराबजींनी त्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि सरकारशी दीर्घ पत्रव्यवहार होऊन अखेर परवानगी आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डीं.नी पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान कराचीहून उडविले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईच्या जुहू येथे उतरविले. आत टपालाच्या पिशव्या होत्या. बिनतारी यंत्रणा नव्हती, वाट दाखविणारी साधने नव्हती. अहमदाबादेस विमानाचे इंधन बैलगाडीतून आणले गेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत सारा बाडबिस्तरा पुण्यास येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. अशा परिस्थितीतही पहिल्या पूर्ण वर्षात १,६०,००० मैलांचे उड्डाण झाले, १५५ प्रवासी नेले गेले आणि टपाल वेळेवर पोहोचण्याचे प्रमाण शंभर टक्के राहिले. घड्याळाशी केलेला हा करार हाच त्या कंपनीचा पहिला रंग होय.

गोमंतकाच्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९३५ मध्ये या कंपनीने मुंबई ते त्रिवेंद्रम अशी जी सेवा सुरू केली, तिच्या वाटेवर गोवा आणि कण्णूर हे थांबे होते. दोन वर्षांनी इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेरमार्गे दिल्लीची वाट खुली झाली. पोर्तुगीज राजवटीनेही पुढे १९५५ मध्ये आपली वेगळी विमान कंपनी काढली. तिची विमाने दाबोळीहून उडत आणि डिसेंबर १९६१ मध्ये मुक्तीबरोबरच तिचा अध्याय संपला. त्या विमानांचे रंग पुन्हा चितारावेत असे येथे फारसे कोणाला वाटत नाही. विमानाच्या अंगावरील रंगाशी त्यामागच्या सत्तेची आणि वर्तनाची आठवण निगडित असते, हे गोव्याला दुसऱ्या कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, रसायने, मोटारी, कर्करोगाचे रुग्णालय, मूलभूत संशोधनाची संस्था असा तो अफाट व्याप त्यांनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळला. परंतु मन रमले ते विमानांतच. १९४६ मध्ये टाटा एअर लाइन्सची एअर इंडिया झाली. त्याच वर्षी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून मिशाळ, नम्र आणि किंचित खट्याळ असा महाराजा जन्मास आला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची ती पाश्चात्त्य जगाला दिलेली पहिली हवाई भेट होती आणि त्या विमानात जे. आर. डी. स्वतः प्रवासी होते.

१९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. आपल्याला विश्वासात न घेता हा निर्णय झाला याचे जे. आर. डीं.ना तीव्र दुःख झाले. तरीही पंडित नेहरूंच्या आग्रहावरून आंतरराष्ट्रीय सेवेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. मालकी गेली होती. जबाबदारी मात्र त्यांनी आपलीच मानली. स्वतःच्या कंपनीच्या विमानातून ते प्रवास करीत तेव्हा हाती टिपणवही असे. चहा आणि कॉफी रंगावरून वेगळी ओळखू येत नाहीत, अमुक आसन मागे झुकत नाही, पडदे मळले आहेत, अशा बारीकसारीक नोंदी करून ते त्या व्यवस्थापकांकडे पाठवीत. अब्जावधींचा कारभार पाहणाऱ्या माणसाने चहाच्या रंगाची उठाठेव करावी याचे कित्येकांना हसू येई. परंतु पडद्यावरील डाग ज्याला खुपतो, त्याला इंजिनावरील डागही खुपतो, हे या टिपणांमागचे तर्कशास्त्र होते.

१९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ पर्यंत कंपनीची सर्व विमाने जेट झाली होती. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जंबो विमान दाखल झाले आणि त्याच्या खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांसारखी ती तांबडी महिरप उमटली. आकाशातील राजवाडा अशी या विमानांची जाहिरात होत असे. गायतोंडे आणि हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांच्या कलाकृती संग्रही बाळगणाऱ्या या कंपनीला हा थाट शोभूनही दिसला.

मात्र त्या काळाला सुवर्णयुग म्हणताना सत्याचा विसर पडता कामा नये. ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि ४८ जीव गेले. त्याच पर्वतावर १९६६ मध्ये ‘कांचनजंगा’ कोसळले. त्या ११७ मृतांत होमी भाभा होते. ज्या जंबोवर महिरप प्रथम उमटली, ते ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्यासमोरील समुद्रात पडले आणि २१३ माणसे मृत्युमुखी पडली. रंगविलेला राजवाडाच अरबी समुद्राने गिळला. शिस्त अपघात संपूर्ण टाळू शकत नाही, हे खरे. पण शिस्त नसेल तर प्रत्येक उड्डाण हा जुगार होतो.

जे. आर. डीं.च्या शिस्तप्रेमाला एक उणी बाजूही होती. १९७५ च्या आणीबाणीत देशावर लादल्या गेलेल्या शिस्तीचे त्यांनी जाहीर समर्थन केले. संप आणि विस्कळीतपणा यांना कंटाळलेल्या कारखानदाराची ती प्रतिक्रिया होती, परंतु ती समर्थनीय नव्हती. स्वतः मळका पडदा पाहून अस्वस्थ होणे ही एक शिस्त आणि दंडुक्याच्या धाकाने रांगेत उभे राहणे ही दुसरी. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याने पहिल्या शिस्तीचा महिमा सिद्ध केला होता. दुसरीची भलामण त्यांनी करावी, हा दैवदुर्विलास होय.

‘एम्परर अशोक’च्या अपघातानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९७८ मध्ये, मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमल्या गेलेल्या एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून समजली. साडेचार दशकांच्या सेवेला मिळालेला हा निरोप होता. इंदिरा गांधींनी १९८० मध्ये त्यांना संचालक म्हणून परत बोलावले. अध्यक्षपद मात्र पुन्हा आले नाही. १९८२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या गृहस्थाने लेपर्ड मॉथ हे जुन्या धाटणीचे विमान पुन्हा कराचीहून मुंबईस आणले. गतकाळाचा वेश धारण करण्याचा हाही एक प्रकारच होता. पण त्यात वेशाच्या आत माणूस तोच होता आणि हातातील कौशल्यही तेच होते.

१९८९ मध्ये एअर इंडियाने विमानांचा रंग बदलण्याचा घाट घातला. जुनी महिरप जाणार म्हणताच लोकांनी एवढी नापसंती दर्शविली की तो बदल सर्व विमानांपर्यंत पोहोचलाच नाही. महिरप टिकली. मात्र महिरपीआडची वक्तशीरता आणि आस्था ढासळत चालली होती आणि तिच्यासाठी तसा गलबला झाला नाही. जे. आर. डीं.ना १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

२७ जानेवारी २०२२ रोजी, एकोणसत्तर वर्षांनी, एअर इंडिया टाटांकडे परतली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचे नवे रंग जाहीर झाले. जुन्या झरोक्याचा आकार त्यांत सोनेरी चौकटीच्या रूपाने शिल्लक आहे. आणि १२ जून २०२५ रोजी, ज्या अहमदाबादेत पहिल्या टपाल विमानाने बैलगाडीतून आलेले इंधन घेतले होते, त्याच शहरात या कंपनीचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर क्षणार्धात कोसळले. विमानातील २४२ पैकी एकच जण वाचला. जमिनीवरील मृतांसह २६० जीव गेले. कारणांचा निवाडा करणे हे तपास यंत्रणेचे काम आहे आणि तो आम्ही येथे करू इच्छित नाही. परंतु प्रवाशाचा विश्वास ही रंगाच्या डब्यातून मिळणारी वस्तू नव्हे, ही जाणीव त्या दिवसाने सर्वांनाच करून दिली.

जुन्या रंगांची हौस अवश्य करावी. एखाद्या नव्या विमानावर ती तांबडी महिरप खरोखरच पुन्हा उमटली तर आम्हालाही आनंद होईल. मात्र ती उमटविणाऱ्यांनी तिच्याबरोबर जे. आर. डीं.ची ती टिपणवहीही बाहेर काढावी. वेळेवर निघालेले विमान, नीट तपासलेले इंजिन, स्वच्छ आसन आणि चूक दाखविणाऱ्या कनिष्ठाचे ऐकून घेणारा वरिष्ठ, एवढे ज्या विमानात असेल, त्याला कोणताही रंग शोभेल. ते नसेल तर राजवाड्याची महिरप ही केवळ रंगविलेली भिंत ठरेल आणि भिंतीमागे राजवाडा आहे की नाही, हे प्रवाशाला फार लवकर कळते.