प्लेगची लस आणि हाफकिन

माझ्या आजीला तिच्या सासूने सांगितलेल्या हकिकतींत एक गाठीच्या तापाची होती. घरात उंदीर मरून पडू लागले, की सारा गाव घरे सोडून रानात खोपटी घालून राहायचा. आपल्या परभणीकडे तेव्हा निजामाचे राज्य होते. पुढे हाफकिन यांच्याविषयी वाचले, तेव्हा त्या हकिकतीची दुसरी बाजू कळली. मी कला शाखेचा विद्यार्थी. सूक्ष्मजीवशास्त्र माझा विषय नव्हे, हे आधीच सांगतो.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मले. ज्यू म्हणून रशियात त्यांची वाट अडली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते प्रथम ग्रंथपाल म्हणून लागले (आम्हा कलावाल्यांना हे विशेष जवळचे वाटावे!) आणि तेथेच त्यांनी पटकीची लस तयार केली. १८९२ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला. सरकारने हाफकिनना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच त्यांचा संसार. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे. वर तुपाचे थेंब सोडले, की त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे. मेलेले जंतू टोचले, की शरीर जिवंत जंतूंशी झुंजायला तयार होते. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली आणि ताप सोसला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना दिली. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले. वास्तविक बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला १९०७ साल उजाडले, तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर. मेलेल्या १९ जणांचे दुःख खरेच होते. पण त्याचा जाब चुकीच्या माणसाला विचारला गेला, असे मला वाटते.

निर्दोष ठरल्यावर त्यांना कलकत्त्यात काम मिळाले, मुंबईत नव्हे. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० साली लोझान येथे ते वारले.