विश्वस्त लोकमान्य

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे राजकीय कार्य सर्वश्रुत आहे. आपल्या भागाशी त्यांचा संबंध आला तो लातूरच्या जिनिंग कारखान्यामुळे. १९८२ पर्यंत लातूर धाराशिव जिल्ह्यातच होते. येथे मात्र त्यांच्या एका विश्वस्तपदाचे स्मरण करावयाचे आहे.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी निवर्तले. राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेल्या टिळकांना त्यांनी मृत्युपत्राने इतरांसह विश्वस्त नेमले. इस्टेट कर्जात होती. पत्नी ताईमहाराज यांना पुढे पुत्र झाला, परंतु तो अल्पायुषी ठरला. मृत्युपत्रात विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घेण्याची तरतूद होती. त्यानुसार जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ यांचे दत्तकविधान झाले. लवकरच ताईमहाराजांनी ते नाकारून कोल्हापूरचा मुलगा दत्तक घेतला. विश्वस्तांनी खर्चास घातलेला आळा हेच बेबनावाचे मूळ असावे.

मृत्युपत्रास न्यायालयाने दिलेली मान्यता, म्हणजे प्रोबेट, १९०२ साली न्यायाधीश ॲस्टन यांनी रद्द केली आणि टिळकांनाच फौजदारी खटल्यात गोवले. १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून त्यांस निर्दोष ठरविले. पद सोडून मोकळे होणे त्यांस सहज शक्य होते. दिवाणी दावा मात्र त्यांनी चालू ठेवला. १९१० साली उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते.

२६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथांचे दत्तकविधान ग्राह्य ठरविले. मृत्युपत्रास तेव्हा सतरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले.